३७, ३९, ४१ : हिरडीतला जंतू आणि मराठवाड्यातला मे

साधा इनक्युबेटर, म्हणजे जंतू ठरावीक तापमानाला वाढवायची पेटी, फक्त तापवतो, थंड करणं त्याला येत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नसेल. आमच्याकडे एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की ती तुमचं सगळं वेळापत्रक ठरवते. बाहेर ४२, पंखा फिरत असूनही लॅबमध्ये दुपारी ३८-३९, आणि तुम्हाला पेटीच्या आत बरोबर ३७ हवे असतात. थर्मोस्टॅट बिचारा हीटर बंद करून मोकळा होतो. आकडा मात्र खोलीच्या तापमानाकडे चढत राहतो.

मी पेरिओमध्ये, म्हणजे हिरड्या आणि दातांना धरून ठेवणारं हाड या विषयात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, केलं, मराठवाड्यातल्याच एका दंत महाविद्यालयात. थिसिसचा विषय एका ओळीत सांगायचा तर असा: हिरडीच्या आजारातला मुख्य जंतू रक्तातून लोह आणि हीम मिळवतो, ते मिळवणं तापमान दोन-चार अंशांनी वाढलं तर कमी होतं का? गाइड सरांनी सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, वाचून एवढंच विचारलं, "फरक किती अंशांचा मोजणार?" म्हटलं, "दोन. फार तर चार." सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, हसले आणि सही केली.

पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस असं या जंतूचं लांबलचक नाव. लॅबमध्ये आम्ही नुसतं जिंजिव्हॅलिस म्हणायचो. त्याला ऑक्सिजन सोसत नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी माणसाला एक ते तीन मिलिमीटर खोल फट असते. आजारात ती पाच-सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल होते, तिला पॉकेट म्हणतात, आणि तिथे तळाशी हा राहतो. १९९८ साली सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी पॉकेटमधल्या जंतूंचे रंगांच्या नावाने गट पाडले. त्यात तो लाल गटात आहे, ट्रेपोनेमा डेंटिकोला आणि टॅनेरेला फॉर्सिथिया यांच्या जोडीला. खोल आणि रक्त येणाऱ्या पॉकेटमध्ये हे तिघे बहुधा एकत्र सापडतात.

त्याची मोठी अडचण अशी की त्याला हीम स्वतः बनवता येत नाही. हीम म्हणजे मध्यभागी लोहाचा अणू असलेला सपाट रेणू. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत असे चार असतात. लोहासाठी धडपडणारे बरेच जंतू सिडरोफोर नावाचे छोटे रेणू बाहेर सोडतात. ते आपल्या शरीरातल्या ट्रान्सफेरिनसारख्या प्रथिनांकडून लोह ओढून घेतात आणि जंतूकडे परत येतात. जिंजिव्हॅलिस या वाटेला जातच नाही. त्याच्याकडे जिंजिपेन नावाची प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) आहेत. एक प्रकार प्रथिनाच्या साखळीतल्या आर्जिनिन या घटकापाशी तोडतो, दुसरा लायसिनपाशी. लाल पेशींना चिकटायचं, त्या फुटल्या की आतलं हिमोग्लोबिन तोडायचं आणि हीम सोडवून घ्यायचं, असा त्याचा सरळ धंदा.

यातही क्रम आहे, आणि माझा अर्धा थिसिस त्या क्रमावरच उभा होता. ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये हीम घट्ट बसलेलं असतं. आर्जिनिनवालं विकर आधी त्याचं मेटहिमोग्लोबिन करतं, म्हणजे आतल्या लोहाची अवस्था बदलते आणि हीमची पकड सैल पडते. मग लायसिनवालं विकर ते प्रथिन फोडतं. मोकळं झालेलं हीम एचएमयूवाय नावाचं प्रथिन पकडतं आणि पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या एचएमयूआर या ग्राहकाकडे (रिसेप्टरकडे) सोपवतं. लिव्हरपूलचे स्मॉली आणि पोलंडमधल्या व्रोत्सुआफच्या ओल्चाक यांच्या गटांनी हे टप्पे वर्षानुवर्षं खपून उलगडले. त्यांचे पेपर वाचताना मला एका गोष्टीचा हेवा वाटायचा: त्यांच्या गावात मे महिन्यात बहुधा स्वेटर लागत असणार.

लगेच न लागणारं हीम हा जंतू पेशीच्या पृष्ठभागावर जोड्या-जोड्यांनी साठवतो, कणगीत ज्वारी भरून ठेवावी तसं. रक्त घातलेल्या माध्यमावर, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्यावर, त्याच्या कॉलन्या (पुंजके) काळ्या होतात त्या याच साठ्यामुळे. हाच थर त्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासूनही थोडं वाचवतो.

आता तापमान यात कुठून आलं? १९७२ मध्ये गॅरिबाल्डी यांनी दाखवलं की साल्मोनेला टायफिम्युरियम हा जंतू तापाच्या तापमानाला सिडरोफोर बनवणं कमी करतो, त्यामुळे लोह कमी असलं की त्याची वाढ अडते. १९७९ साली क्लुगर आणि रोथेनबर्ग यांनी पाश्चुरेला मल्टोसिडावर काम करताना असंच काहीसं पाहिलं. नुसता ताप किंवा नुसती लोहाची टंचाई तो जंतू बऱ्यापैकी निभावतो, दोन्ही एकदम आली की मात्र त्याचं अवघड होतं. शरीर ताप आणतं आणि त्याच वेळी रक्तातलं लोह दडवून ठेवतं, यामागचा हिशोब असा असावा.

हे वाचल्यावर मला पडलेला प्रश्न साधा होता. जो जंतू सिडरोफोरच बनवत नाही आणि थेट रक्तावर जगतो, त्याला ही युक्ती कुठे पकडणार? सुजलेलं पॉकेट निरोगी फटीपेक्षा थोडं गरम असतं हे मोजलेलं आहे. पुढच्या दातांपेक्षा दाढांजवळ जास्त आणि वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त, असंही दिसलेलं आहे. जंतूवर त्या उष्णतेचा काय परिणाम होतो यावरही काम झालं होतं. १९९४ साली अमानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तापमान वाढलं की जिंजिव्हॅलिसचे चिकटण्याचे तंतू, म्हणजे फिंब्रिये, कमी होतात. १९९९ साली पर्सिव्हल, मार्श, डिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी तो सतत वाहत्या माध्यमात ३७, ३९ आणि ४१ अंशांना वाढवला, तर गरम केल्यावर त्याच्या जिंजिपेनचं काम घटलेलं दिसलं. आमच्या तीन तापमानांचा उगम तिथे आहे. नवीन एवढंच की ते प्रयोग सांभाळलेल्या प्रयोगशाळेतल्या जंतूवर होते, आणि आम्हाला आमच्या ओपीडीतल्या माणसांच्या तोंडातून काढलेला जंतू वापरायचा होता. एमडीएसच्या थिसिसकडून याहून जास्त अपेक्षा ठेवूही नये.

ओपीडीतली माणसं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग ठरला. आमच्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका आणि तंबाखू-चुना मळणारे पुरुष दात हलायला लागल्याशिवाय येत नाहीत. "मॅडम, दात हालायलेत. भाकर चावली की रगत यायलंय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की केस पेपरवर तेच लिहावंसं वाटायचं. एथिक्स कमिटीने संमतिपत्र मराठीत मागितलं होतं, पण छापील मराठी वाचून दाखवल्यावर समोरचा माणूस शून्यात बघायचा. मग मी तोंडी सांगायला लागले: तुमच्या हिरडीत एक जंतू आहे, तो रक्तातलं लोखंड खातो, तो आम्हाला बाहेर काढून वाढवून बघायचाय, तुमचा इलाज जसा व्हायचा तसाच होणार.

गंगाखेडकडच्या एक मावशी होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि अंगठा उठवायच्या आधी थांबल्या. "मला रक्त कमी म्हणून लोखंडाच्या गोळ्या दिल्यात सरकारी दवाखान्यात. त्या मी खायच्या आणि बळ त्या किड्याला मिळायचं का?" असा नेमका प्रश्न मला सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्येही कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की गोळीतलं लोखंड आतड्यातून हाडांच्या मगजात जातं आणि तिथे रक्ताच्या पेशी बनतात. जंतूला त्यातलं मिळतं ते हिरडी फुटून रक्त वाहिलं तरच. तेव्हा गोळ्या चालूच ठेवा, हिरडीतलं रक्त आपण थांबवू. मावशी म्हणाल्या, "मंग घ्या काय घ्यायचं ते." जाता जाता शेजारच्या बाईला म्हणाल्या, "माज्या तोंडातलं हिकडं शिकायला ठिवायलेत."

नमुना घ्यायला वेळ लागत नाही. दाताभोवती कापसाचे रोल लावून लाळ अडवायची, वरचा प्लाक, म्हणजे दातावरचा चिकट थर, काढून टाकायचा आणि कागदाची बारीक, निर्जंतुक सुई, पेपर पॉइंट, पॉकेटच्या तळापर्यंत सरकवायची. ती भिजली की ऑक्सिजन काढलेल्या वाहक द्रवाच्या नळीत टाकायची आणि जिना उतरून लॅबकडे निघायचं. जिन्यात कुणी भेटलं तरी थांबायचं नाही.

खरी मेहनत माध्यमाची. जंतूला हीम द्यायचं ते हीमिन या रूपात, आणि हीमिन पाण्यात विरघळत नाही. ५० मिलिग्रॅम हीमिन आधी १ मिलिलिटर १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवायचं, मग पाण्याने १०० मिलिलिटर करायचं. त्यातलं १० मिलिलिटर एका लिटर माध्यमात गेलं की दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम होतं. सोबत व्हिटॅमिन के. आणि प्लेटसाठी मेंढीचं रक्त. ते विकत मिळतं, पण उन्हाळ्यात कुरिअरने येईपर्यंत बाटलीत लाल पेशी फुटून नुसतं सरबत झालेलं असायचं. शेवटी परभणीला पशुवैद्यकी शिकलेल्या एका मित्राने सोय केली. रक्त काढल्याबरोबर काचेच्या मण्यांच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि फिरवत राहायचं, म्हणजे फायब्रिनचे धागे मण्यांना चिकटतात आणि रक्त गोठत नाही. मेंढीला काही होत नाही. मेंढीचे मालक प्रत्येक वेळी विचारायचे, "हे माणसाला चढवत्यात का?"

मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमनी सुरुवातीलाच एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे नोंदवते, कारण पुस्तकात ती कोपऱ्यात असते. काळ्या कॉलन्यांचे जंतू निवडून वाढवण्यासाठी कॅनामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन घातलेलं तयार माध्यम मिळतं आणि सगळे तेच मागवतात. पण जिंजिव्हॅलिस व्हॅन्कोमायसिनला मरतो. त्या प्लेटवर दिसणाऱ्या काळ्या कॉलन्या बहुतेक प्रिव्होटेला या दुसऱ्याच जंतूच्या असतात. आम्ही साध्या ब्लड अगारवरच, म्हणजे रक्त घातलेल्या घट्ट माध्यमावर, काम केलं आणि ओळख पुढे पटवली. लांब तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली धरलं की प्रिव्होटेलाच्या कॉलन्या विटकरी लाल चमकतात, जिंजिव्हॅलिस चमकत नाही. मग ओळखीच्या चाचण्या: इंडोल पॉझिटिव्ह, कॅटालेज निगेटिव्ह, ट्रिप्सिनसारखं विकर असल्याची टेस्ट पॉझिटिव्ह. त्याशिवाय तुलनेला दुसऱ्या संस्थेकडून मागवलेला एटीसीसी ३३२७७ हा प्रमाणित स्ट्रेन (वाण) होताच. वासाबद्दल लिहीत नाही. जार उघडला की शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घ्यायचे, एवढं पुरे.

हा जंतू सावकाश वाढतो. ॲनेरोबिक, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या, जारमध्ये प्लेटा उलट्या रचायच्या, गॅसची पुडी टाकायची, झाकण आवळायचं आणि वाट बघायची. कॉलनी आधी मळकट पांढरी, मग तपकिरी, आणि आठवडा-दहा दिवसांनी काळी. म्हणजे एका प्लेटचं तापमान आठ-दहा दिवस सलग सांभाळायचं. ते चार तास जरी घसरलं किंवा चढलं तरी "३९ ला वाढवलेला" असं लिहिताना हात अडखळायला हवा. मराठवाड्यातला उन्हाळा कामाला लागला तो इथे.

थंड करू शकणारी बीओडी इनक्युबेटरची एकच पेटी होती आणि तिच्यावर इतर विभागांचाही हक्क होता. तिच्यात ३७ ठेवायचं ठरलं. ३९ आणि ४१ साध्या पेट्यांमध्ये. पण साध्या पेटीला नीट काम करायला बाहेरची खोली आतल्यापेक्षा पाचेक अंश तरी थंड लागते, म्हणून त्या पेट्या एसीच्या खोलीत हलवल्या. एसी विजेवर, आणि वीज दुपारी जाणारच. इन्व्हर्टर दिवे आणि पंखे ओढतो, कॉम्प्रेसर ओढत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत कमाल-किमान थर्मामीटरवरचे आकडे बघून मी सगळ्या प्लेटा बाद करून ऑटोक्लेव्हमध्ये, निर्जंतुक करून फेकायला, टाकल्या.

तोडगा सुचवला तो लॅबच्या मामांनी. त्यांची बायको आशा कार्यकर्ती. लसी नेण्याची निळी पेटी असते ना, जाड भिंतीची, तिच्यात बर्फाचे पॅक ठेवतात, त्यात बर्फाऐवजी ठरलेल्या तापमानाचं पाणी भरलं तर? आम्ही तशा वापरातून गेलेल्या पेट्या मिळवल्या. वॉटर बाथमध्ये ३९ ला तापवलेल्या पाण्याचे पॅक, मधोमध जार, झाकण बंद, आणि सगळी पेटी इनक्युबेटरच्या बाजूला तयार. लाइट गेली की जार पेटीत, आली की परत. डिजिटल थर्मामीटरची तार जारला चिकटवलेली असायची. पाण्याच्या त्या साठ्यामुळे तास-दीड तासात आकडा काही दशांशच हलायचा. परदेशी पेपरमध्ये "तापमान ±०.५ अंशांत राखलं" असं अर्ध्या ओळीत लिहिलेलं असतं. आमच्याकडे त्या अर्ध्या ओळीमागे मामा, मी आणि एक ज्युनिअर अशा तिघांच्या पाळ्या होत्या. जारचं स्वतःचं तापमान पेटीच्या आकड्यामागे बराच वेळ रेंगाळतं, हेही या तारेमुळेच कळलं. थंड खोलीतून आत ठेवलेला जार ३९ ला पोहोचायला चांगला वेळ घेतो.

प्लेटवरचा रंग हे झालं डोळ्यांचं काम. मोजायचं होतं ते हिमोग्लोबिन तोडणं, आणि इथे विचार नीट करावा लागला. गरम झाल्यावर दोन गोष्टी एकदम बदलतात. जंतू विकर किती बनवतो हे बदलतं, आणि बनलेलं विकर किती वेगाने काम करतं हेही. ४१ ला वाढवलेला जंतू ४१ लाच तपासला तर विकर कमी असूनही उष्णतेने ते जोरात धावेल आणि फरक झाकला जाईल. म्हणून वाढवायचं तीन तापमानांना, पण तपासायचं सगळ्यांना ३७ लाच. शिवाय गरम ठिकाणी वाढ मंद, म्हणजे पेशीच कमी. तेव्हा आधी ६०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजून सगळ्या नळ्यांत पेशींचं प्रमाण सारखं करायचं. हे दोन नियम सरांनी फळ्यावर लिहून ठेवले होते आणि माझा थिसिस संपेपर्यंत कुणाला पुसू दिले नाहीत.

हिमोग्लोबिन माझंच. सकाळी इंटर्नने माझं रक्त काढायचं, मी लाल पेशी सलाइनने धुवायच्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोडायच्या, सेंट्रिफ्यूज करून वरचं लाल पाणी घ्यायचं. बायोकेमिस्ट्रीच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ताज्या, ऑक्सिजन धरलेल्या ऑक्सिहिमोग्लोबिनचा आलेख बघायला सुरेख असतो: ४१५ नॅनोमीटरला उंच शिखर, ५४१ आणि ५७७ ला दोन छोटी जुळी. जंतू घातला की जुळी हळूहळू बसतात, उंच शिखर ४०६ कडे सरकतं, ६३० ला एक टेकाड उगवतं. हे मेटहिमोग्लोबिन. मग ते उंच शिखरच खचायला लागतं, म्हणजे प्रथिन फुटतंय. जो क्रम मी पेपरमध्ये वाचला होता तो काचेच्या चौकोनी नळीत डोळ्यांसमोर घडत होता. त्या दिवशी मी जेवायला गेलेच नाही.

अडचण एवढीच की जंतू न घातलेल्या नळीतही जुळी थोडी बसत होती. हिमोग्लोबिन उष्णतेत आपोआपही मेटहिमोग्लोबिन होतं, आणि आमच्या खोलीत त्याला उष्णतेची ददात नव्हती. त्यामुळे प्रत्येक फेरीत जंतूविना एक नळी, आणि तिचा फरक वजा करून उरेल तेवढाच जंतूचा, असा हिशोब ठेवला. उन्हाळ्यात ही वजाबाकी मोठी असायची, हिवाळ्यात जवळपास नाही.

हिवाळ्यात आम्ही सगळं पुन्हा केलं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडचा पारा रात्री एक आकडी होतो. लॅबमध्ये स्वेटर घालून बसायचं आणि साधे इनक्युबेटर कसे गुणी मुलांसारखे आकडा धरून बसतात ते बघायचं. मला काळजी होती की उन्हाळ्यातले निकाल खोलीच्या उष्णतेचे असतील आणि थंडीत विरून जातील. तसं झालं नाही.

आमच्या प्लेटांवर दिसलं ते असं. ३७ ला वाढलेल्या कॉलन्या वेळेवर काळ्या झाल्या, ४१ वाल्या बराच काळ तपकिरीवर अडून राहिल्या. ४१ ला वाढलेल्या पेशी, संख्या सारखी करूनही, हिमोग्लोबिन मंद गतीने तोडत होत्या, आणि उशीर पहिल्याच टप्प्यात, मेटहिमोग्लोबिन होण्यातच, जास्त दिसत होता. पर्सिव्हल आणि मंडळींनी जिंजिपेन घटल्याचं जे म्हटलं होतं त्याच्याशी हे जुळतं. ३९ ची गोष्ट इतकी सरळ नव्हती. प्रमाणित स्ट्रेन मध्ये कुठेतरी होता, रुग्णांकडून आलेले काही जंतू ३७ सारखेच वागले, तर काही स्पष्ट मंदावले. खरं म्हणजे पॉकेटमध्ये प्रत्यक्ष संभवतं ते ३९ पर्यंतच. ४१ हे कल बघण्यापुरतं. त्यामुळे मला ३९ चा हा विस्कळीतपणा ४१ च्या नीटनेटक्या फरकापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि थिसिसच्या चर्चेत मी तसं लिहिलं.

जंतूला हीम न देता उपाशी ठेवण्याचा भाग मात्र आम्ही थिसिसमध्ये घातला नाही. हीमिन नसलेल्या द्रव माध्यमात टाकला तरी हा जंतू साठ्यावर तग धरतो. एका माध्यमातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा नेत राहिल्यावर कुठे तो साठा संपतो. आमच्या फेऱ्यांमध्ये तो संपण्याची वेळ दर वेळी वेगळी यायची आणि त्यावर तापमानाचा हिशोब मांडणं प्रामाणिकपणाचं झालं नसतं.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा यावर सर आणि मी बरंच भांडलो. सर म्हणायचे, उष्णतेने जंतूची विकरं घटली म्हणजे सूज ही शरीराची युक्ती यशस्वी होतेय. मला उलट वाटायचं. सुजलेल्या पॉकेटमध्ये रक्त आयतं वाहत असतं. तिथे पांढऱ्या पेशींची स्वतःची विकरं मोकळी पडलेली असतात, ट्रेपोनेमा डेंटिकोला लाल पेशी फोडतो, प्रिव्होटेला इंटरमीडिया हिमोग्लोबिन तोडतो. एवढे हात कामाला असताना जिंजिव्हॅलिसने आपली विकरं थोडी आवरली तर त्याचं काय बिघडतं? उलट कमी विकर म्हणजे शरीराला कमी डिवचणं, आणि तेवढंच टिकून राहणं. आमच्या नळीत तो एकटा होता, तोंडात तो कधीच एकटा नसतो. माझं मत आजही तेच आहे: या जंतूच्या बाबतीत अंशांपेक्षा रक्त मोठं. मावशींचं स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, म्हणजे दात आणि मुळं खरवडून साफ करणं, झाल्यावर त्या पुन्हा आल्या तेव्हा प्रोब (पॉकेटची खोली मोजायची काडी) फिरवला तरी रक्त आलं नाही, आणि त्याच जागच्या पेपर पॉइंटमधून काळी कॉलनी उगवली नाही. एका जागेवरून नियम सांगता येत नाही, हे मला कळतं.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थिसिस चाळला, लसीच्या पेटीचा फोटो बघून थांबले आणि म्हणाले, "मग पेशंटला गरम पाण्याच्या गुळण्या सांगायच्या की बर्फ?" मी म्हटलं, "सर, गुळणी पॉकेटच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. गरमही नाही आणि गारही नाही." त्यांनी पुढचा प्रश्न हाडाच्या कलमावर विचारला.

आमचे जंतू आता दुसऱ्या संस्थेच्या उणे ८० च्या फ्रीजरमध्ये आहेत, आमच्याकडे ती सोय नाही. माझ्या ज्युनिअरने पुढचा विषय घेतलाय तो ३५ आणि ३९ असा. निरोगी फट ३७ पेक्षा गार असते, मग तुलना तिथूनच सुरू व्हायला हवी, हे तिचं म्हणणं मला पटलं. ती लाल पेशी एकमेकींना चिकटवण्याची टेस्ट करते आहे. गोल तळाच्या खड्ड्यांच्या प्लेटमध्ये मेंढीच्या पेशी आणि जंतू घालायचे; जंतूने पेशी धरल्या तर त्या तळाशी चादरीसारख्या पसरतात, नाही धरल्या तर मधोमध लाल ठिपका बसतो. त्याला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागत नाही आणि वीज गेली तरी खिडकीच्या उजेडात वाचता येतं. मेंढीवाल्यांचा नंबर मी तिला देऊन ठेवलाय.